बाई बोलल्याच नव्हत्या

नगरपालिकेच्या इमारतीत जिन्याखाली एक खोली होती. तिला खिडकी नव्हती, नुसता एक झरोका होता, आणि त्यातून आत-बाहेर करणाऱ्या माणसांचे फक्त पाय दिसायचे. या खोलीत टेलिफोनच्या बोर्डासमोर एकतीस वर्षं बसलेल्या बाईंना सगळे शून्यबाई म्हणत. कार्यालयातल्या कुठल्याही फोनवर शून्य दाबलं की त्या बोलायच्या, म्हणून शून्यबाई. लोक पाठीमागे म्हणत तसेच तोंडावरही म्हणत, आणि बाईंना त्याचं काही वाटत नसे. "शून्याला किंमत नसते म्हणतात ना," त्या म्हणायच्या, "मग एखाद्या आकड्याच्या शेजारी बसवून बघा."

एकतीस वर्षांत त्यांनी माणसांचे चेहरे पाहिले थोडे, आवाज मात्र लाखांनी ऐकले. पाणीखात्यातला कारकून "साहेब जागेवर नाहीत" म्हणाला, की साहेब खरंच बाहेर गेलेत की समोर बसून नको-नको करत हात हलवताहेत, हे त्यांना 'साहेब'मधल्या 'सा'वरूनच कळे. त्यांचं म्हणणं असं, की खरं बोलणारा माणूस वाक्यात कुठेही श्वास घेतो. खोटं बोलणारा आधी भरपूर घेऊन ठेवतो आणि मग एका दमात सगळं सांगून मोकळा होतो. अशा कानांची बाई भाबडी राहणं शक्यच नव्हतं. भाजीवाल्याने स्वतःहून जास्त माप दिलं तरी त्या पिशवीत डोकावून किडकी निघतात का ते बघायच्या. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत त्या आणि त्यांची थोरली बहीण राहत. ताईंना दम्याचा त्रास, पण जीभ धडधाकट. "तुला उद्या देव भेटला," ताई म्हणत, "तर तू आधी त्याचं ओळखपत्र मागशील."

साथ आली आणि कार्यालय रिकामं झालं. झरोक्यातले पाय कमी झाले, पण बोर्डावरचे दिवे विझेनात. तपासणी कुठे करायची, शेजारी खोकतोय तर कुणाला कळवायचं, आईला कुठल्या दवाखान्यात नेलंय, दुकानं किती वाजेपर्यंत... लोक विचारत आणि बाईंच्या समोर महिन्यापूर्वीचं एक पत्रक चिकटवलेलं. त्यातलं निम्मं बदलून गेलं होतं. मग त्या स्वतःच सहा ठिकाणी फोन लावायच्या, खात्री करायच्या आणि मग सांगायच्या. हे काम त्यांना कुणी दिलं नव्हतं. पण माहीत नसलेलं सांगायचं कसं, हा त्यांचा साधा प्रश्न होता.

अशात वरून निधी आला. सरकारने सगळ्या नगरपालिकांना जनजागृतीसाठी वेगळा पैसा दिला होता. लोकांपर्यंत आरोग्याची खरी माहिती पोहोचवायची, त्यांच्या भाषेत, त्यांच्या ओळखीच्या माणसाकडून. पैसा दोन हप्त्यांत मिळणार होता. पहिल्याचं काम दाखवल्याशिवाय दुसरा नाही, आणि एका खात्याचा पैसा दुसऱ्या खात्यात वळवायचा नाही. त्या पैशातून सहा महिन्यांच्या करारावर एक तरुण जनसंपर्क अधिकारी आला, फलक छापले, आणि चार भोंगे लावलेली एक गाडी भाड्याने घेतली.

तो अधिकारी दुसऱ्याच दिवशी जिन्याखाली आला. "बाई, मी काल बाहेरून फोन केला होता. तुम्ही उचललात. असा आवाज मी रेडिओवरसुद्धा ऐकला नाही. सगळ्या घोषणा तुमच्याच आवाजात करायच्यात. चला ना वर, चहा घेऊ."

बाईंच्या मनात पाल चुकचुकली. एकतीस वर्षांत वरच्या मजल्यावर त्यांना चहाला कुणी बोलावलं नव्हतं. आवळा देऊन कोहळा काढणारे त्यांनी पुष्कळ ऐकले होते.

"बोलेन," त्या म्हणाल्या, "पण कागद आधी माझ्याकडे. खरं-खोटं मी बघणार. जे तपासलेलं नाही ते माझ्या तोंडून निघणार नाही."

"अहो, सगळं वरूनच येतं."

"पाऊसही वरूनच येतो. तरी आपण छप्पर बघतो."

तो हसला आणि कबूल झाला. त्याला वाटलं असावं, म्हाताऱ्या माणसाची खोड आहे, दोन दिवसांत जाईल. पहिलाच कागद आला: 'शहरातील सातही आरोग्यकेंद्रांत तपासणी रोज सुरू आहे.' बाईंनी सातही ठिकाणी फोन लावले. सहा जागी कुणी तरी उचलला. टाकीजवळच्या सातव्या केंद्रात नुसती घंटी वाजत राहिली. नवी इमारत, ताजा रंग, दाराशी फलक, आणि आत नेमलेली नर्सच नाही.

"सहा म्हणा," बाई म्हणाल्या.

"नर्स येईलच या आठवड्यात."

"आली की सात म्हणू."

सहा म्हटलं गेलं. वरच्या मजल्यावरच्या एका खोलीत, भिंतीला जुन्या चादरी टांगून, रेकॉर्डिंग होत असे. अधिकारी समोर बसे आणि गाडीचा मालक यंत्र सांभाळे. तो मूळचा लग्नसमारंभात भोंगे लावणारा, त्याला सगळे साउंडवाला म्हणत. बाई वाचायच्या तशाच साध्या, फोनवर बोलतात तशा. 'ताप आला तर घाबरू नका, पण अंगावरही काढू नका.' गाडी गल्लोगल्ली फिरू लागली. लोक थांबून ऐकू लागले. घरी ताई गॅलरीत खुर्ची टाकून बसत आणि गाडी गेली की आत येऊन सांगत, "आज तू छान बोललीस." जणू बाई समोर नव्हत्याच. तोंडावर मास्क आणि डोक्याला रुमाल बांधून बाई बाजारात गेल्या की त्यांना कुणी ओळखत नसे, आणि शेजारची बाई दुसरीला सांगताना कानावर पडे, "ती बाई सांगते ना, मग खरंच असणार." त्याने बाईंना सुख झालं नाही, उलट झोप उडाली. एवढ्या लोकांनी विश्वास ठेवावा असं आपण काय केलंय, असं त्यांना वाटे.

आणि मग तो मंगळवार आला.

बाईंची त्या दिवशी सकाळची सुट्टी होती. ताईंचं औषध घेऊन त्या परत येत होत्या. कोपऱ्यावर गाडी उभी होती आणि त्यांचाच आवाज सांगत होता, "टाकीजवळच्या आरोग्यकेंद्रात तपासणी सुरू आहे. रोज सकाळी दहा ते संध्याकाळी पाच."

बाई जागच्या जागी थबकल्या.

हे त्या कधीच बोलल्या नव्हत्या. आवाज त्यांचा होता, शब्दही त्यांचे होते. 'टाकीजवळच्या' आणि 'दहा ते पाच' हे मागच्या आठवड्यात पाणी बंद राहणार होतं त्या सूचनेतलं. 'तपासणी सुरू आहे' हे पहिल्या कागदातलं. कापून जोडलं होतं. रस्त्यावरच्या कुणाच्याही लक्षात येण्यासारखं नव्हतं, पण 'केंद्रात'नंतर त्या नेहमी किंचित थांबत, आणि इथे थांबा नव्हता. श्वासच नव्हता.

"कुठेतरी पाणी मुरतंय," त्या स्वतःशी म्हणाल्या, आणि घरी न जाता टाकीकडे वळल्या.

केंद्राच्या दाराला कुलूप होतं. समोर तीस-पस्तीस माणसांची रांग, अर्धी उन्हात. पायरीवर एक म्हातारा सुतार बसला होता. कानावर पेन्सिल तशीच खोचलेली, आणि दर दोन वाक्यांनंतर खोकला. त्याची बायको पदराने त्याला वारा घालत होती.

"अहो, हे बंद आहे," बाईंनी मास्क सारखा करून मोठ्याने सांगितलं. "इथे नर्स नाही. थांबू नका, बाजाराजवळच्या केंद्रात जा."

रांगेतली सगळी डोकी एकदम वळली. चेहऱ्याने कुणी ओळखलं नसतंच. पण आवाज!

"हीच ती!" एक बाई ओरडली. "गाडीतली!"

"सकाळी स्वतःच बोलावलंत आणि आता जा म्हणता?"

"दोन तास झाले उभे आहोत. कामावरून खाडा झाला माझा."

"पैसे मिळतात हो यांना बोलायचे. सरकारने वाटलेत ना? शब्दाला किती पडतात बाई?"

"मी बोलले नाही ते," बाई म्हणाल्या, आणि आपलं वाक्य आपल्याच कानांना खोटं वाटलं. आधी भरपूर श्वास घेऊन, एका दमात म्हटलेलं.

सुतार पायरीवरून उठला. बायकोच्या खांद्यावर हात ठेवून तो बाजाराच्या दिशेने चालू लागला. ते अंतर ठणठणीत माणसालाही अर्ध्या तासाचं होतं.

बाई तडक कार्यालयात गेल्या. जनसंपर्क अधिकारी रेकॉर्डिंगच्या खोलीबाहेर उभा होता, आणि त्यांना पाहताच त्याने दार ओढून घेतलं.

"या खोलीची किल्ली कुणाकडे असते?"

"माझ्याकडे. का?"

"काल संध्याकाळनंतर इथे कोण होतं?"

"कोणी नाही. मी पण नव्हतो, बाई. सहालाच गेलो घरी."

खोटं. शंभर टक्के खोटं. बाईंना त्याच्या 'मी पण'मध्येच कळलं. कुणी विचारलं नसताना सांगितलं होतं. घोषणेबद्दल विचारलं तर तो गोंधळला, म्हणाला, मला माहीतच नाही, मी ऐकलीच नाही. पण एकदा खोटं पकडल्यावर बाई पुढचं कशाला खरं मानतील? चोर सापडला, असं मनाशी ठरवूनच त्या खाली आल्या आणि बोर्डासमोर बसल्या. कुणाला सांगावं? थेट मुख्याधिकाऱ्यांना?

इतक्यात बाहेरची लाइन वाजली. "साहेबांना द्या बाई, मी साउंडवाला." बाईंनी मुख्याधिकारी साहेबांना जोडून दिला.

बोर्डावर एक लाल बटण होतं. लाइन खराब आहे का ते तपासण्यासाठी ते दाबलं, की चालू बोलणं ऐकू येई. बाईंच्या आधीची ऑपरेटर ते दिवसभर दाबून बसायची आणि गावभर बातम्या पुरवायची. बाईंनी पहिल्याच दिवशी कानाला खडा लावला होता, आणि एकतीस वर्षांत ते बटण लाइन तपासण्याखेरीज दाबलं नव्हतं. बोट तिथे गेलं. परत आलं. मग त्यांनी दाबलं.

"...लोक चिडलेत तिकडे," साउंडवाला सांगत होता. "बाईंना कळलं तर?"

"गुरुवारी सरकारचं पथक पाहणी करून जाईपर्यंत गाडी फिरव," साहेबांचा आवाज. "सातही केंद्रांची घोषणा झालेली दिसली नाही, तर दुसरा हप्ता सुटत नाही. समजतंय का? बोलायला पैसा दिलाय त्यांनी, नर्सला एक दमडी नाही. हप्ता आला तर त्यातून दोन महिने का होईना नर्स बसवतो तिथे. खर्च कुठे दाखवायचा ते मी बघून घेईन."

बाईंनी बोट काढलं. त्यांना लबाडी ऐकू येईल असं वाटलं होतं. ऐकू आली ती भीती. साहेबांचा आवाज वर्गात पकडलेल्या मुलासारखा कापत होता. की तेही साउंडवाल्याला पटवण्यासाठीच होतं? नर्सचं खरं, की तिचं नाव पुढे करून दुसरंच काही? बाईंना पहिल्यांदाच एखाद्या आवाजाचा पत्ता लागेना. आणि इतका वेळ त्या ज्या पोराला चोर समजत होत्या, त्याचं नावसुद्धा त्या बोलण्यात आलं नव्हतं.

मात्र एक गोष्ट नक्की होती. गाडी अजून फिरत होती आणि दार अजून बंद होतं.

त्यांनी बोर्ड शेजारच्या शिपायाच्या हवाली केला आणि मागच्या अंगणात गेल्या. गाडीचा ड्रायव्हर दुपारच्या फेरीआधी काच पुसत होता.

"माइक चालतो का याचा?"

"चालतो. पण बाई, मला सांगितलंय फक्त तेच वाजवायचं..."

"विचारलं तर सांग, शून्यबाई जबरदस्तीने बसल्या. खोटं नाही ते." आणि त्या खरंच दार उघडून बसल्या.

टाकीच्या बाजूच्या सगळ्या गल्ल्या त्यांनी त्या दुपारी पालथ्या घातल्या. कागद नव्हताच. "मी नगरपालिकेतून बोलतेय. आज सकाळी माझ्या आवाजात जे ऐकलंत ते मी बोलले नव्हते. टाकीजवळचं केंद्र बंद आहे. मी स्वतः कुलूप पाहून आले. तिकडे जाऊ नका. बाकीची सहा उघडी आहेत." दर चौकात हेच. घसा कोरडा पडला, तरी त्यांनी ड्रायव्हरला पुढच्या गल्लीत घ्यायला लावलं.

एका गॅलरीतून एकजण ओरडला, "सकाळी उघडं, दुपारी बंद! संध्याकाळी काय आहे तेही आत्ताच सांगून टाका!" खाली दुकानाच्या फळीवर बसलेले हसले. एका बाईने खिडकी लावून घेतली. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, कुणी आभार मानले नाहीत. पण दुसऱ्या दिवशी टाकीपाशी रांग लागली नाही, एवढं ड्रायव्हरने येऊन सांगितलं.

साहेबांनी त्यांना वर बोलावलं. आरडाओरडा केला नाही. "तुम्हाला हे कुणी सांगितलं?" एवढंच विचारलं.

"मी ऐकलं. लाल बटण दाबून."

बाईंनी नुसतं 'घोषणा ऐकून ओळखलं' म्हटलं असतं तरी चाललं असतं, तेही खरंच होतं. पण त्यांनी सांगून टाकलं, आणि कारणे दाखवा नोटीस आली ती त्याचीच: कार्यालयीन संभाषण चोरून ऐकल्याबद्दल. घोषणेचा त्यात उल्लेखही नव्हता. चौकशी पूर्ण होईपर्यंत त्यांना जन्म-मृत्यू नोंदणीच्या खिडकीवर बसवलं.

"हात दाखवून अवलक्षण," ताई म्हणाल्या. मग थोड्या वेळाने, "पण त्या दिवशी गाडीतून तू बोललीस ना, मला आधी वाटलं हेही कुणी जोडलंय." सख्ख्या बहिणीलाही आता खात्री करून घ्यावी लागत होती.

पथक आलं, फलकांपुढे उभं राहिलं, चहा घेतला आणि गेलं. दुसरा हप्ता मिळाला. तीन आठवड्यांनी टाकीजवळ नर्सही बसली. कुठल्या पैशातून, ते बाईंना कधीच कळलं नाही. साहेब खरं बोलत होते की कुणीतरी ओरडल्यामुळे घाईने नेमणूक झाली, हेही नाही.

जनसंपर्क अधिकाऱ्याचा करार पुढे वाढवला नाही. जाण्याआधी तो नोंदणीच्या खिडकीपाशी आला. त्याच्या खोलीतला जोडीदार आजारी पडल्यावर घरमालकाने दोघांचंही सामान बाहेर काढलं होतं. हा कार्यालयातच रेकॉर्डिंगच्या खोलीत गादी टाकून राहत होता. "त्या दिवशी दार ओढलं ते म्हणून. साउंडवाल्याकडे दुसरी किल्ली होती, मी जेवायला बाहेर गेल्यावर तो येऊन गेला असणार, मला खरंच माहीत नव्हतं."

"मी तुम्हालाच चोर धरलं होतं," बाई म्हणाल्या. माफी मागणं त्यांना कधी नीट जमलं नाही. "एका गोष्टीबद्दलही खोटं बोलू नये माणसाने. मग बाकीचंही सगळं खोटं वाटतं." मग त्यांना वाटलं हे फारच कडू झालं, म्हणून त्यांनी विचारलं, "आता राहता कुठे?" आणि ताईंच्या ओळखीतल्या एका घराचा पत्ता लिहून दिला.

तीन महिन्यांनी एका सकाळी खिडकीसमोर तो सुतार येऊन उभा राहिला. कानावर पेन्सिल नव्हती. त्याने अर्ज आत सरकवला. बायकोच्या मृत्यूचा दाखला हवा होता.

बाईंनी नोंदवही काढली. "कधी आजारी पडल्या?" त्यांनी विचारलं. ही माहिती दाखल्याला लागत नाही.

म्हाताऱ्याने मान वर केली. आवाज ओळखला. "मी बरा झालो, आणि ती पडली. त्या रांगेतून आलं, की माझ्याकडून, की आणखी कुठून, कोण जाणे." "तुमच्यावर राग नाही. पण एक विचारतो, खरं सांगा. ते तुम्हीच बोलला होता ना?"

"नाही."

"आवाज तर तुमचाच होता."

"आवाज माझा होता. तुकडे वेगवेगळे होते. फळ्या जोडतात तसे जोडले."

त्याने खिडकीच्या फळीवरून बोट फिरवलं. "जोड लपत नाही हो बाई. कितीही रंधा मारा, बोट फिरवलं की लागतो. मला तर नाही लागला."

"मला लागला," बाई म्हणाल्या. "तुम्हाला लागायचा नाही."

त्याने मान हलवली. पटलं म्हणून नव्हे. वाद घालायचा नाही म्हणून हलवतात तशी. बाईंनीही पुढे समजावलं नाही. त्याच्या जागी त्या असत्या, तर त्यांनीही विश्वास ठेवला नसता.

त्यांनी दाखला लिहिला, शिक्का मारला आणि बाहेर सरकवला. "बघून घ्या," त्या म्हणाल्या, "नाव, तारीख बरोबर आहे. मी दोनदा तपासलंय."

म्हाताऱ्याने खिशातून चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला, आणि खिडकीच्या बाजूला होऊन सगळा कागद एकेका अक्षरावर बोट ठेवून स्वतः वाचला. मगच त्याची घडी घातली.